पळीचा झेंडा

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा मी तिथे वेल्डर होतो. आम्ही तिघे एका खोलीत राहायचो. मी, एक मल्याळी ड्राफ्ट्समन आणि एक बंगाली इलेक्ट्रिशियन. मेसमध्ये रोज तीच पाण्यासारखी डाळ. तिची थट्टा करता करता आम्ही एक धर्मच काढला आणि त्याला नाव दिलं पळीपंथ. जेवणाआधी पळी कपाळाला लावायची आणि डाळीत दाणा सापडला तर 'दर्शन झालं' म्हणायचं. आरतीही रचली होती. मल्याळ्याने एका जुन्या पिवळ्या पडद्यावर डांबराने मोठी पळी काढली, तिच्याखाली टपकणारे थेंब. हा आमचा झेंडा.

एका दुपारी बंगाल्याने तो आमच्या शेडच्या सगळ्यात उंच खांबाला, अगदी टोकाशी बांधला. खाली उभे राहून आम्ही पोट धरून हसलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत क्रेनचा दोर तुटला. वर चाललेला गर्डर खलाशांच्या टोळीच्या अगदी जवळ कोसळला. खलाशी म्हणजे उंचावर चढून लोखंड जोडणारी माणसं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी झेंड्याच्या खांबाला शेंदूर लागलेला होता आणि पायथ्याशी नारळ फुटलेला. मग माती वाहणाऱ्या बायाही टोपली उतरवून तिथे हात जोडू लागल्या. आमचं हसणं बंद झालं. खरं काय ते सांगून टाकावं असं तिघांनाही वाटत होतं, पण सुरुवात कोणी करेना.

अशात बाबा भेटायला आले. ते जवळच भिलाई-३ स्टेशनावर रेल्वेत पॉइंट्समन होते, गाड्यांचे रूळ बदलायचे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर घरातले देव त्यांनी स्वतः टोपलीत भरून नदीत सोडले होते. आई रडत होती, तरी ते थांबले नव्हते. मी त्यांना काम दाखवायला नेलं. एक बाई खांबापाशी वाकून तिथली माती तान्ह्या लेकराच्या कपाळाला लावत होती. बाबांनी वर पाहिलं.

"हा झेंडा कोनाचा हाय?"

"आमचाच, बाबा. मजाक म्हनून केला होता."

"तिले सांगितलं का, मजाक हाय म्हनून?"

मग बाबाच पुढे म्हणाले,

"आपन आत्ता देव सोडले, अन् तू लोकाइले नवा देऊन राहिला. उतरव तो."

सकाळी मी खांबापाशी गेलो तर खलाशांचा सरदार आडवा आला. "झंडा उतरा, तो मेरा एक भी आदमी ऊपर नहीं जाएगा."

मी सगळं सांगितलं. ही डाळीची पळी आहे, आम्ही गंमत केली होती. पटावं म्हणून मेसमधली आरतीही म्हणून दाखवली. कोणी हसलं नाही. एका जवान खलाशाने जमिनीवरचा पाना उचलून हातात धरला. साइटचे साहेब आले आणि म्हणाले, उतरवा नाहीतर राहू द्या, पण काम सुरू करा. सरदार त्यांच्याकडे न बघता मला म्हणाला, "बाद में किसी का पाँव फिसला, तो?"

"हमने बनाया, हम ही उतारेंगे. जो होगा, मेरा होगा," मी म्हणालो.

त्याने वाट सोडली.

मी रोज चढणारा माणूस, पण त्या दिवशी प्रत्येक पाऊल चाचपून टाकत होतो. देव नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी वरून कोणी पाहतंय असं वाटत होतं. वर वारा होता. उन्हाने गाठ कडक झालेली, बोटांनी सुटेना. शेवटी दातांनी ओढली. खाली सगळे माना वर करून उभे होते.

मी धडधाकट खाली उतरलो, पण त्याने काही संपलं नाही. दिवसभर टोळी बसून राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. ठिणगी उडाली की त्यांच्या नजरा माझ्या हातांवर यायच्या. मला काहीतरी होईल याची ते वाट पाहत होते आणि भोंगा होईपर्यंत मीही तीच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी टोकाला हनुमानाचा लाल झेंडा होता. सरदाराने स्वतः चढून बांधला होता. टोळी कामाला लागली होती. बंगाली हळूच म्हणाला, "अब ये भी उतारेगा?"

पुढच्या भेटीत मी बाबांना या लाल झेंड्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "तो त्याइचा हाय. ते मानतात त्याले. तू हात नको लावू."

सरदार माझ्याशी बरेच महिने बोलला नाही. एकदा वादळी वारा सुटला तेव्हा वरून त्याची हाक आली, बाजूला सरक म्हणून. मी सरकलो. नंतर चहाच्या टपरीवर त्याने बाकावर सरकून मला जागा दिली, आणि आम्ही दोघांनी चहा प्यायला.