आधी कान्हूभावजी गप झाले

माझे धाकटे दीर कान्हूभावजी यांना हळू बोलता येत नाही. गणेशगुडीच्या अलीकडं आमची वाडी, घरं लांब लांब, मधे रान. ते आपल्या अंगणात चहा मागतात आणि शेताच्या पलीकडं माझा हात उगीच साखरेच्या डब्याकडं जातो. माझी जाऊ अनुसया म्हणते, "आमच्या लग्नात मंगलाष्टकं कुणाला ऐकूच आली न्हाईत. हे भटाला जरा मोठ्यानं म्हणा म्हणून सांगत व्हते."

त्यांचा कुत्रा तांबू शेतातच शिकला. भात पोटरीला आलं की रानडुकरं येतात. भावजी माळ्यावर बसून "हूऽऽ हो" ओरडायचे, खाली तांबू भुंकायचा. जेवढं जोरात भुंकेल तेवढा मोठा सुक्या बांगड्याचा तुकडा.

गेल्या वर्षी त्यांच्या सुनेनं, शिल्पानं, नदीवर येणाऱ्या पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या. पाहुणे येतात पाखरं ऐकायला. तांबू पाखरांवर भुंकतो, पाहुण्यांवर भुंकतो, त्यांच्या वाळत घातलेल्या चड्ड्यांवरही भुंकतो. हुबळीचं एक जोडपं एकच जेवण करून निघून गेलं. मग शिल्पा म्हणाली, "मामा, रविवारी माझा भाऊ योगेश येतोय. तांबूला रामनगरला त्याच्या दुकानावर नेऊ दे."

त्या दिवशी भावजींच्या ताटातला बांगडा तांबूनं खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू. तांबू भुंकला की भावजी ओरडत, "गऽऽप!" तांबू दुप्पट भुंके. भावजी तिप्पट ओरडत. तीन दिवस वाडीत कुणाला कुणाचं ऐकू गेलं नाही. शेवटी मी जाऊन पायरीवर बसले आणि बघितलं. प्रत्येक "गप" झाल्यावर तांबू शेपूट हलवत येई आणि भावजींची मूठ हुंगे.

"भावजी, तो बांगडा मागतोय."

"कशाला? गप तर बसंना."

"तुमी वरडला की त्यानं भुंकायचं, हे त्याला कुणी शिकवलं? त्याला वाटतंय, धनी जोडीला आलाय."

भावजी माझ्या शेजारी टेकले. "मग मी काय करू, वैनी?"

"तुमीच गप बसा."

बसले हो. तांबू भुंकला की भावजी तोंड मिटून तळवा जमिनीकडं धरायचे. दम घ्यायला तो थांबला की लगेच तुकडा. पहिल्या दिवशी टोपलीभर बांगडे संपले आणि भावजींच्या मानेच्या शिरा फुगल्या. वरच्या घरचा शंकर चौकशीला आला, "कान्हूदादाला बरं न्हाई काय?"

"त्येस्नी बरं हाय," अनुसया म्हणाली. "मलाच कसंतरी व्हतंय. भिंतीवरचं घड्याळ वाजतंय, हे मला आज कळलं."

रविवार आला. पाहुणे पडवीत चहा पीत होते. योगेशही बाकावर बसला होता. शिल्पाच्या हातात नवी दोरी. तेवढ्यात परसातल्या केळीवर माकडं उतरली. शिल्पानं पाहुण्यांसाठी राखलेला घड होता तो. तांबू उठला, कान ताठ, गळा हलला. त्यानं भावजींकडं बघितलं. भावजींनी तळवा खाली केला. तांबू बसला.

माकडांनी दोघांकडं बघितलं आणि निवांत साली काढायला घेतल्या.

तिसरं केळं गेलं, चौथं गेलं. भावजी शिल्पाकडं बघत होते, तांबू भावजींकडं.

"मामा, वरडा की."

"कुणावर?" भावजींनी हळूच विचारलं. चाळीस वर्षांत त्यांचा हळू आवाज मी तेव्हाच ऐकला.

"माकडांवर. आनी कुणावर?"

भावजींचा चार दिवसांचा साठा एकदम सुटला. तांबूनंही आपला सोडला. माकडं पार ओढ्यापलीकडं गेली, पाहुण्यांचा चहा मांडीवर गेला, योगेश बाकावर उभा. भावजींनी तळवा खाली केला. लगेच सामसूम. ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं.

योगेश हळूच खाली उतरला. "अक्का, ह्याला दुकानात नगं. एक गिऱ्हाईक पायरी चढायचं न्हाई."

शिल्पानं दोरीकडं बघितलं, केळीकडं बघितलं. उरलेला घड तोडला आणि त्याच दोरीनं आढ्याला टांगला.

तांबू उंबऱ्यापाशीच आहे. परवा जेवताना भावजींचा आवाज चढला, तर अनुसयानं तळवा खाली केला. भावजी गप झाले. तिनं बांगड्याचा मोठा तुकडा त्यांच्या ताटात वाढला.