अयोध्याबाईची अट

मुरुमच्या आठवडी बाजारामागं अयोध्याबाईचा तबेला होता. नवरा गुरुलिंग वरातीला घोडी द्यायचा. तो गेला आणि लोकांनी बोलावणं बंद केलं. लग्नाच्या घोडीपुढं लगाम धरून विधवा बाई चालणार, हे कुणालाच रुचेना. दीर गौरीशंकर म्हणाला, "वयनी, बाईमाणसाचं काम न्हाय हे. जनावरं माझ्याकडं द्या." तिनं घोडी दिली, पण चांदला ठेवून घेतलं.

चांद म्हणजे पांढराशुभ्र घोडा, नाकपुड्या गुलाबी, कपाळ रुंद, डावा कान किंचित दुमडलेला. आळंदपासून नळदुर्गापर्यंतचे लोक त्याच्याकडं घोड्या फळवायला आणायचे. सगळ्यांना पांढरं शिंगरूच हवं असायचं. वरातीला, मिरवणुकीला तेच चालतं. तांबडं निपजलं, किंवा डोळ्याखाली केसांचा अशुभ भोवरा निघाला, की मालकाचं तोंड वाकडं व्हायचं आणि वर्षाच्या आत ते पोर दलालाच्या टेम्पोत चढायचं. थंड हवेच्या गावांना नेतो, तिथं पाहुण्यांना फिरवतात, असं दलाल सांगायचे. अयोध्याबाईला ते खरं वाटायचं.

एका उन्हाळ्यात ती बहिणीकडून येत होती. उमरग्याजवळ हमरस्त्यावर एसटी थांबली. पुढं एक टेम्पो चाक निखळून आडवा पडला होता. ताडपत्रीखालून एक खूर बाहेर आला होता आणि तो हलत होता. बाई खाली उतरली. आत घोडी एकमेकांवर रचली होती, पाय दोरखंडानं करकचून बांधलेले. सगळ्यांत खाली एक तांबडं शिंगरू होतं. कपाळ रुंद, डावा कान दुमडलेला.

"कुठं नेत होतास रं ह्यांना?" तिनं ड्रायव्हरला विचारलं.

"काट्यावर, मावशी. ह्यांना आता कोण बसून पोसतंय? मांसाच्या भावानं जातील."

पोलीस आले. कागदावर जनावरं गाडीला जुंपायला नेत असल्याचं लिहिलेलं होतं. घोडी उतरवून ठेवायची तर कुठं ठेवायची, हेही कुणाला सांगता येईना. तासाभरानं दुसरा टेम्पो आला आणि उरलेली घोडी त्यात चढवली गेली. तांबडं शिंगरू तिथंच पडून राहिलं. बाईनं बाटलीतलं पाणी त्याच्या ओठांवर सोडलं, ते एका बाजूनं खाली ओघळून गेलं.

त्या दिवसापासून तिनं अट घातली. घोडी घेऊन येणाऱ्याला ती दारातच उभं करायची. "शिंगरू कुठल्याबी रंगाचं होऊ द्या, सांभाळायचं. न्हायच जमलं तर दलालाला द्यायचं न्हाय, माझ्या दारात आणून सोडायचं. आन् म्हाताऱ्या, हाडं निघालेल्या घोडीला मी चांद दाखवणार न्हाय."

"व्हय, व्हय," लोक म्हणायचे आणि हसत हसत निघून जायचे.

बिरदेव नावाच्या एका धनगरानं मात्र शब्द पाळला. त्याच्या घोडीला तांबडी शिंगरी झाली. ती त्यानं वर्षभर पोसली आणि मग चालवत आणून दारात बांधली. "आक्का, चारा सरला," एवढंच तो म्हणाला. हे कळल्यावर आणखी काहीजण आले. कुणी एका डोळ्याचं पिल्लू सोडलं, कुणी लंगडं. पांढरं एकही आलं नाही. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही.

पौषात मैलारपूरच्या जत्रेला जाऊन तिनं घोडेवाल्यांना हात जोडले. "पोसायचं न्हाय तर जन्माला कशाला घालताव?" ती म्हणत होती. कुणीतरी मोबाईलवर ते टिपलं. संध्याकाळपर्यंत मुरुमची पोरं तिची नक्कल करून हसू लागली.

तोवर गौरीशंकरनं हैदराबादकडून एक पांढरा घोडा आणला. अट काही नव्हती. सगळ्या घोड्या तिकडं जाऊ लागल्या. "लोकास्नी पांढरं पायजे, वयनी," तो समजावायचा. "म्या न्हाय दिलं तर दुसरा कुणी देईल. तुमी कुणाकुणाला अडवणार?"

ती ऊसतोडीच्या फडावरून उसाच्या शेंड्यांचं वाढं मागून आणायची आणि तबेल्यातल्या जनावरांना वाटून घालायची. सगळ्यांच्या बरगड्या दिसू लागल्या. चांदच्याही.

मग एकदा गल्लीत वरातीचे फटाके वाजले. दाटीत उभी असलेली घोडी बिथरली आणि एकाची लाथ बाईच्या मांडीवर बसली. हाड मोडलं. गौरीशंकरनंच तिला सोलापूरला नेलं. स्ट्रेचरवरून तिनं त्याचा हात धरला. "भावजी, एकबी टेम्पोत चढू देऊ नका."

"न्हाय चढणार. तुमी निवांत ऱ्हावा."

काठी टेकत ती परतली तेव्हा अंगण झाडून स्वच्छ केलेलं होतं. दावणीला कुणीच नव्हतं. चांद गौरीशंकरच्या तबेल्यात होता.

"बाकीची?"

"चांगल्या घरी दिली," गौरीशंकर जमिनीकडं बघत म्हणाला. "पोसणारी माणसं हायती."

ओट्यावर बसून ती रिकाम्या दाव्यांकडं बघत राहिली.

दोन दिवसांनी बिरदेव भेटायला आला. ती दवाखान्यात असताना तिच्या दारात टेम्पो लागल्याचं कानावर पडताच तो पळत आला होता आणि आपली तेवढी तांबडी शिंगरी सोडवून घेऊन गेला होता. "बाकीची न्हाय सोडवता आली, आक्का," तो म्हणाला. "हिला मी कदी फळवणार न्हाय." बाईनं मान हलवली. त्याला चहा दिला.

आता ती दिवसभर ओट्यावरच बसते. गौरीशंकरकडं घोड्या घेऊन जाणारी माणसं त्याच गल्लीतून जातात. परवा एकजण तांबडी, पोट खपाटीला गेलेली घोडी ओढत चालला होता.

"शिंगरू तांबडं झालं तर काय करणार, बाबा?" तिनं विचारलं.

तो थांबला नाही. पुढच्या वळणावरच्या तबेल्यात चांद खिंकाळला आणि घोडीनं कान टवकारले.