चर्चच्या दारात अडवलेली अक्का

अक्का तिकडे अमेरिकेत वारल्याचा निरोप निमगाव केतकीच्या एसटीडी बूथवरून आला, त्याला आता सहा आठवडे झाले. परवा तिच्या तिथल्या मंडळीच्या, म्हणजे मराठी चर्चच्या, पाळकांचं पत्र आलं. ‘आमच्या मंडळीचा आधारस्तंभ हरपला’ असं त्यात आहे. वाचून डोळ्यांत पाणी यायला हवं होतं... मला संताप आला.

शांताबाई, माझी थोरली बहीण. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकली आणि अमेरिकेला गेली. तिथे महाराष्ट्रातून गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी गोऱ्यांचं चर्च रविवारी दुपारपुरतं भाड्याने घेऊन आपली मंडळी उभी केली होती. नव्याने आलेल्याला विमानतळावरून आणायचं, बाळंतिणीला डिंकाचे लाडू न्यायचे, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, हे सगळं अक्काकडे. सुरतेत प्लेग आला त्या वर्षी आमची आई गेली, म्हणून अक्का गावी, शेळगावला आली होती. कुठे सुरत, कुठे शेळगाव! परतल्यावर तिच्या हॉस्पिटलने तिला तपासलं आणि तिसऱ्या दिवशी कामावर घेतलं. रविवारी मात्र पाळकांनी तिला चर्चच्या पायरीवरच अडवलं.

“सिस्टर, महिनाभर घरीच प्रार्थना करा.”

“मला काय झालंय? डॉक्टरांची चिठ्ठी हाय माझ्याकडं.”

“ते ठाऊक आहे हो. पण तुम्ही प्लेगच्या मुलखातून आलात हे गोऱ्यांना कळलं तर जागा काढून घेतील.”

गोऱ्यांनी तर काही विचारलंही नव्हतं! आईला माती देऊन आलेली बाई दारात उभी, आणि जिने ज्यांची पोरं अंगाखांद्यावर खेळवली ती माणसं खाली मान घालून आत गेली. ‘आईचं कसं झालं’ एवढंही कुणी विचारलं नाही.

अक्का घरी गेली नाही. चर्चच्या आवारातच गाडीत काचा लावून बसली आणि एकटीनेच गीतं म्हटली. पुढच्या रविवारीही तेच. त्या दिवशी, संध्याकाळी तिथेच भरणाऱ्या कोरियन उपासनेला आलेल्या एका आजींनी काचेवर टकटक केलं. अक्काने लांब राहायची खूण केली. आजी दार उघडून सरळ शेजारी येऊन बसल्या. इंग्रजी त्यांना बेताचंच. त्यांनी डबा उघडून गरम भात पुढे केला.

महिन्याने मंडळीचं बोलावणं आलं. फोनवर मी म्हणालो, “अक्का, जा की. आपलीच माणसं हायती.” त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

“आपली व्हती तर दारात का अडवलं?” ती म्हणाली. “मी आजींसंगं बसते.”

पुढची चार वर्षं ती कोरियन मंडळीतच बसली. शेवटच्या दुखण्यात उशाशी तीच माणसं होती, मातीही त्यांनीच दिली. आणि आधारस्तंभ मात्र यांचा!

पाळकांना मी उत्तर लिहिणार नाही. हेच उत्तर समजावं. आजींनी एक पार्सल पाठवलंय, कोरियन गीतांचं पुस्तक. पानोपानी, छापील ओळींच्या वर अक्काने पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिलेत. अर्थ मला लागत नाही, तरी रोज एक पान मोठ्याने वाचतो. एका ओळीपाशी तिने लिहून ठेवलंय, ‘हितं दम घ्यायचा, आजी थांबतात.’ तिथे मीही थांबतो.