पालथा लॅपटॉप

कुठलीही वस्तू हातात आली की आमचे समोरचे काका आधी ती पालथी करायचे. स्क्रू कुठे आहेत ते बघायला. माझ्या वास्तुशांतीला त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं, तेसुद्धा उलटं करून. "मागं चारच स्क्रू हायेत. उघडायला सोपंय भो," म्हणाले. आहेर देताना असं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तुमच्याही सोसायटीत असा एक गृहस्थ असणारच. नसेल, तर तुमची इस्त्री अजून धड असेल, एवढंच.

काका मूळचे दिंडोरीकडचे. सगळी नोकरी अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला काढली. निवृत्त झाले, मशिनं सुटली, पण हात काही स्वस्थ बसेनात. मग आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगीतल्या वस्तूंवर संक्रांत आली. त्यांनी दुरुस्त केलेला माझा मिक्सर आजही उत्तम चालतो, फक्त बंद करायला प्लग उपटावा लागतो. प्रत्येक दुरुस्तीनंतर दोन-तीन स्क्रू उरायचेच. विचारलं तर म्हणायचे, "कंपनी जास्तीचेच टाकती."

काकू गणिताच्या शिक्षिका. निवृत्तीनंतरही त्या सुरगाण्याकडच्या एका शाळेतल्या दहावीच्या मुलींना रोज दुपारी, घरात फळा लावून, मोबाइलच्या नेटवर लॅपटॉपवरून शिकवायच्या. त्या शाळेत गणिताला कुणी टिकत नव्हतं. मुलगी नापास झाली की तिची रवानगी द्राक्षबागेत मजुरीला, हे काकूंना माहीत होतं आणि मुलींनाही. त्यामुळे एक दिवसही वर्ग बुडलेला काकूंना खपायचा नाही.

आणि नेमकी त्या लॅपटॉपची बॅटरी फुगली.

"दुकानात न्या," काकू म्हणाल्या.

"बॅटरी बदलायला दुकान? मी मेलो का काय?"

नवी बॅटरी घरपोच आली आणि लॅपटॉप पालथा झाला. आता कारखान्यात काकांचा एक रिवाज होता. मोटर असो नाहीतर बेअरिंग, नवा पार्ट बसवायचा तर आधी हळदकुंकू, मग बटण. बॅटरीलाही त्यांनी ओलं हळदकुंकू लावलं. कुठे? जिथून तिची वायर जोडायची, नेमकं तिथेच, चांगलं दाबून. वर उदबत्ती ओवाळली. मला पेढा दिला. तो मी खाल्लाही.

झाकण लागलं, चार्जर लावला. पडद्यावर अक्षरं उमटली: प्लग लावला आहे, चार्ज होत नाही.

"होतंय होतंय. दाखवत नाय फक्त," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लाईट गेली आणि अर्धं समीकरण फळ्यावर ठेवून काकू सुरगाण्याच्या पडद्यावरून गडप झाल्या.

मग काकांनी कंबर कसली. चार्जर बदलला, भिंतीतलं सॉकेट बदललं. इंटरनेटवर कुणी सांगितलं म्हणून पॉवरचं बटण दाबून देवघरासमोर बसल्यासारखे बसून राहिले. कुठलीशी सेटिंग उडवली, ती परत आणताना पडद्यावरचं मराठी गेलं. दर रविवारी लॅपटॉप पालथा, बॅटरी बाहेर, बॅटरी आत. मी एकदा भीत भीत म्हटलं, "काका, ते कुंकू जरा पुसून बघायचं का?"

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तीस वर्षांत कुंकवानं एक मशीन बंद पडलं नाय माझं. तू हिशेबाचा माणूस, तू हिशेबच बघ."

इतक्या वेळा उघडझाप करून व्हायचं तेच झालं. चार्जरची पिन जिथे घुसते ती जागाही ढिली झाली. आता पिनेला नुसता धक्का लागला तरी लॅपटॉप बंद. त्या दिवशी काकूंचा आवाज जिन्यापर्यंत आला. "यातली एक जरी पोरगी नापास झाली ना, तर तुमची ती स्क्रूंची डबी गोदावरीत टाकीन मी!"

दुसऱ्या दिवसापासून वर्ग सुरू झाला की काका टेबलाशेजारी पाटावर बसायचे आणि वर्ग संपेपर्यंत ती पिन बोटांत धरून ठेवायचे. गुडघ्यांनी बोंब मारली तरी हलायचे नाहीत. मुलींना पडद्याच्या कडेला फक्त एक हात दिसायचा; सर पिन धरून बसलेत, हे काकूंनी त्यांना सांगून ठेवलं होतं. "बाई, सरांना नमस्कार सांगा," त्या म्हणायच्या, की काका मोकळा हात वर करायचे.

"अहो काका, मी नेतो ना दुकानात," मी कितीदा म्हटलं.

"दुकानवाले चार दिवस ठेवून घेत्यात. तवर पोरींनी काय करायचं? परीक्षा होऊ दे."

मला त्या माणसाचा भयंकर राग यायचा आणि त्याच वेळी भरूनही यायचं.

जानेवारीत काका गेले. सकाळी चहा पिता पिता, कुणाला कळायच्या आत. काकूंनी शाळेला एवढंच कळवलं की वर्ग थोडे दिवस बंद राहील. "परीक्षेनंतर सांगू. आत्ता लक्ष उडेल पोरींचं," असं मला म्हणाल्या.

तेरावं झालं आणि मी न विचारता लॅपटॉप उचलून दुकानात नेला. दुकानदाराने झाकण काढलं आणि थबकला. "यात कुंकू कुणी भरलं हो?"

"घरच्यांनी," मी म्हटलं.

त्याने ते खरवडून पुसलं, ढिली जागा घट्ट केली. बॅटरी भरायला लागली. इतकं सोपं होतं, याचाच मला संताप आला, आणि भर दुकानात डोळे पुसावे लागले.

त्याच दुपारी काकूंनी वर्ग घेतला. सोबत म्हणून मी दाराशी खुर्ची टाकून बसलो. प्रमेय रंगात आलं होतं आणि लाईट गेली. पंखा थांबला, खोलीत अंधारलं. काकूंचा खडू फळ्यावर तसाच राहिला. पण पडदा काही विझला नाही.

"बाई! लाईट गेली तरी तुम्ही दिसता!" तिकडून एक मुलगी ओरडली.

"म्हणून आज सरांचा हात नाय!" दुसरी म्हणाली. "सरांनी नीट केला!" आणि सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. टाळ्या थांबेपर्यंत त्या फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग वळल्या.

"हो," त्या म्हणाल्या, "सरांनीच केला. चला, पुढची पायरी कोण सांगतंय?"