टकळीचा दम

माझ्या लेकीचा मुलगा बोलायला लागला आणि थांबायचं कसं, हे शिकायचं राहूनच गेलं. सकाळी डोळे उघडायच्या आत तोंड सुरू. म्हणून त्याच्या आईनं त्याचं नाव टकळी ठेवलं. पुढे त्यानं तेच नाव पोस्टरवर छापलं, तेव्हा ती म्हणाली, "लाडाचं नाव भिंतीभिंतीवर चिकटवतोस, लाज नाही वाटत?" तो म्हणाला, "आई, नावाची मालकीण तू. रोज एक पापा हप्त्यानं फेडीन." असा आगाऊ! तेविसाव्या वर्षी गेला. पण मला आधी तो जगला कसा ते सांगू द्या.

मी चौथी पास. शाळा गावातली, एका मास्तरांची. पण चाळीस वर्षं घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारला. आमच्या बाजाराचा नियम होता: एका ढिगाचा पुकारा एका दमात. माल कोणाचा, डाग कुठे, बोली कुठवर आली, सगळं एका श्वासात. मध्येच श्वास घेतलेला दिसला की खरेदीदार ओरडायचे, "तुटला!" मग तोच ढीग पुन्हा पहिल्यापासून. एकदा एका खोडसाळानं माझ्या नाकाखाली सुक्या मिरचीचं पोतं झटकलं. डोळ्यांतून धारा लागल्या, पण मी पुकारा तुटू दिला नाही. सौदा झाल्यावर मग अशी शिंक दिली, की वजन करणाऱ्या मापाड्याची टोपी उडून वांग्यांत पडली!

ही गोष्ट टकळीनं शंभरदा ऐकली असेल. नऊ वर्षांचा होता तेव्हा बटाट्याच्या पोत्यावर उभा राहून त्यानं माझी हुबेहूब नक्कल केली. सगळा बाजार बोली सोडून ऐकत राहिला. पोरगं खाली उतरलं तेव्हा त्याचे ओठ किंचित निळे होते. मी म्हटलं, "वा रे पठ्ठ्या!"

मोठा झाल्यावर तो कुरियरच्या गोदामात लागला. दिवसभर पार्सलांवरचे पत्ते वाचून ती कप्प्यांत टाकायची. एका जेवणाच्या सुट्टीत त्यानं आपल्या फळीवरचे सगळे पत्ते एका दमात रॅपमध्ये म्हटले, शेवटी साहेबाच्या ढेरीचाही पत्ता दिला. कोणीतरी मोबाइलवर उतरवलं. आठवड्यात ते गावभर झालं आणि टकळीची नोकरी गेली.

मग एका रेकॉर्डिंगवाल्यानं त्याला बोलावलं. गादीच्या कारखान्यामागची खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकी बंद. आत शिरलं की स्वतःचा आवाजसुद्धा मेल्यासारखा वाटे. रेकॉर्डिंगवाला समजूतदार होता. म्हणाला, "मध्ये श्वास घे की रे. मी कापून टाकतो, कोणाला कळणार नाही."

"आजोबांना कळेल," टकळी म्हणाला.

मी तिथेच स्टुलावर बसलो होतो. मला केवढा आनंद झाला!

कार्यक्रम सुरू झाले. तो आधी लोकांना बाजाराचा नियम सांगायचा. लोकांना ती गंमत फार आवडली. गाण्यागणिक दम लांबत गेला. दोन हजार माणसं श्वास रोखून त्याच्या गळ्याकडे बघत असायची. मी टाळ्यांत रमलो होतो. ती माणसं तो तुटायची वाट बघतात, हे मला फार उशिरा दिसलं.

एका सकाळी दात घासताना त्याच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी बरगड्यांतून नळी घातली, चार दिवस ठेवून घेतलं. म्हणाले, "फुप्फुसाच्या टोकाला पातळ फुगे आहेत. उंच, काटकुळ्या मुलांना होतात. त्यातला एक फुटला. पुढच्या महिन्यात ऑपरेशन करू. तोवर ओरडायचं नाही, दम कोंडायचा नाही. पुन्हा फुटला तर वेळ मिळेलच असं नाही."

पण पुढचा कार्यक्रम नऊ दिवसांवर होता. तिकिटं संपलेली.

लेक इस्त्रीचं दुकान चालवते. इस्त्री हातात तशीच धरून ती म्हणाली, "बाबा, माझं तो ऐकत नाही. नियम तुमचा आहे. तुम्हीच त्याला त्यातून सोडवा."

मग मी त्याला जे कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "लेका, मापाडी वजन ओरडायचा ना, तेव्हा मी नाकानं हळूच श्वास चोरायचो. सगळेच चोरायचे. एका दमात कोणाच्या बापानं पुकारलं नाही."

तो बरगडी धरून हसला. "आईनं पढवलं ना? पण आजोबा, टोपीची गोष्ट यापेक्षा बरी होती."

"तुझ्या गळ्याची शपथ!"

"तुम्ही शपथ घेतलीत की मला खात्रीच पटते, थाप आहे."

कार्यक्रम दुपारचा होता. मी स्टेजच्या कडेला खुर्चीवर बसलो, लेक खाली लोकांत. नवं गाणं आजवरचं सगळ्यांत लांब. निम्म्यावर त्याचा डावा खांदा वर चढला. ओठांचा रंग गेला. कार्यक्रमात आवाजाची बाजू सांभाळणाऱ्या रेकॉर्डिंगवाल्याला मी हात हलवून खुणावलं, बंद कर, बंद कर. त्याचं लक्ष आपल्या बटणांवर. मला काही सुचेना. आणि चाळीस वर्षं कानांत बसलेला शब्द तोंडातून बाहेर पडला.

"तुटला!"

मला त्याला थांबवायचं होतं. पण सभागृहानं तो शब्द उचलून धरला. दोन हजार गळे ओरडले. टकळीनं वळून माझ्याकडे पाहिलं, चूक कबूल करावी तशी मान हलवली, हसला, आणि पहिल्यापासून सुरू केलं.

दुसरं काय करणार होता? तुटला म्हणजे थांब असं नाही. तुटला म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

या वेळी तो जेमतेम चौथ्या ओळीपर्यंत पोचला. मग सावकाश खाली बसला आणि माईक मांडीवर ठेवला. लोकांना वाटलं तोही गाण्याचाच भाग. ते टाळ्या वाजवत होते. दवाखान्याच्या गाडीत त्याचं डोकं आईच्या मांडीवर होतं. पहिल्यांदाच तो काही बोलत नव्हता. दवाखाना यायच्या आत गेला.

त्या दुपारचे व्हिडिओ अजून फिरतात. कोण तो हरामखोर आधी ओरडला, म्हणून लोक शिव्या घालतात. महिन्यानं लेकीनं दुकानात मला विचारलं, "बाबा, तुम्ही कडेलाच होतात. कोण ओरडलं हो?"

"मी," म्हटलं.

तिनं हातातल्या शर्टाची बाही पूर्ण केली. दुसरी बाही केली. कॉलर केली. मी पुढे काही सांगायला तोंड उघडलं, तशी ती म्हणाली, "सांगू नका. तुम्ही सांगितलंत की त्याची गोष्ट होते, आणि लोक हसतात. हे लिहा."

कपडे गुंडाळायच्या कागदांचा गठ्ठा तिनं माझ्याकडे सरकवला, पेन शोधून दिलं, आणि पाठ फिरवून पुढचा शर्ट घेतला.