शुकूफेने दिलेला पत्ता

शुकूफेबद्दल हल्ली लोक फार गोड बोलतात. मला तो गोडवा सोसत नाही. बावीस वर्षं मी तिच्या डोक्यावर राहिले. म्हणजे इस्तंबूलच्या कुर्तुलुश भागातल्या आमच्या इमारतीत ती तळमजल्यावर आणि मी बरोबर तिच्या वर. तिचं शिलाई मशीन, तिचा खोकला, रेडिओबरोबरचं तिचं बेसूर गाणं, सगळं माझ्या फरशीतून वर यायचं. ती हुशार होती, मनाने चांगली होती, आणि एकदा तिच्या हातून अशी चूक झाली की एक जीव गेला. हे तिन्ही एका दमात सांगायला हवं, नाहीतर सांगूच नये.

सरकारी कागदावर ती सित्की. पुरुषांना मिळतं ते निळं ओळखपत्र. बाप आमास्या गावात शिंपी, म्हणून हातात कला. सैन्यात दोन वर्षं अधिकाऱ्यांचे कोट उसवून लहानमोठे केले. तिथून सुटल्यावर गावी न जाता सरळ इस्तंबूल. रोज सकाळी करडी पँट आणि टोपी घालून ती घाऊक बाजारात कापड आणायला जायची. दुपारचं जेवण झालं की फुलाफुलांचा झगा, ओठांना रंग, कानात डूल, आणि मशीनवर बसायची ती शुकूफे.

मी एकदा विचारलं, "बाजारातही अशीच का जात नाहीस?"

"बाईमाणूस दिसलं की मीटरमागे चार बोटं कापड कमी मोजतात हो, बाई. तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही आयुष्यभर तयार कपडे घेतलेत."

मी मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे, म्हणून तिच्यासाठी मी 'बाई'. ती स्वतः मात्र शेजारच्या बेयोलू वस्तीतल्या निम्म्याजणींची 'आब्ला', म्हणजे थोरली ताई. तिच्यासारख्याच मुली, क्लबात गाणाऱ्या, नाचणाऱ्या, रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या, सगळ्यांचे कपडे तिच्याकडे. पुरुषाच्या खांद्याला बाईचा झगा बसवणं हे येरागबाळ्याचं काम नाही.

शोध लावण्याचा नाद तिला याच धंद्यातून लागला. मोजमाप घेताना माणसं बोलतात, आणि बोलली नाहीत तरी तिला दिसायचं. वाण्याच्या बायकोची हरवलेली अंगठी तिने नणंदेच्या कोटाच्या अस्तरातून काढून दाखवली. औषधवाल्याची पँट दर महिन्याला वेगळ्या हाताने दुमडलेली असते म्हणाली, आणि त्याचं दुसरं घर बाहेर आलं. "माणूस तोंडाने काय वाटेल ते सांगेल," ती म्हणायची, "मी आपली त्याची शिवण बघते." पोलिसांकडे जायची सोय नसलेल्या मुली भांडणं, चोऱ्या, हरवलेली माणसं घेऊन तिच्याकडे यायच्या. तिला ते आवडायचं. जरा जास्तच आवडायचं, असं माझं मत.

त्या फेब्रुवारीत, एका सोमवारी, तिच्या दारात एक पुरुष आला. तिशीचा, उन्हाने रापलेला, हातात बोचकं. मी तेव्हा तिथेच चहा पीत होते.

"माझं नाव राशित. झिलेहून आलोय," तो म्हणाला. "आमचा धाकटा तुमच्या पत्त्यावरून आईला पैसे पाठवतो. आई आजारी आहे. त्याला एकदा डोळ्यांनी बघून ये म्हणाली."

धाकटा म्हणजे बेलगिन. मागच्या गल्लीत राहायची, क्लबात गायची. घराशी संबंध तेवढाच, शुकूफेच्या नावावरून जाणारं पाकीट.

आता, या मुलींमध्ये एक नियम आहे. इस्तंबूलला आलेल्या नव्या मुलीला ओठ रंगवायला शिकवायच्या आधी तो शिकवतात: कुणाच्याही घरच्यांना कुणाचा पत्ता सांगायचा नाही. आई आली, रडली, पाया पडली, तरी नाही. हा नियम शुकूफेनेच कितीजणींना शिकवला होता.

तिने त्याला बसवलं. कोटाचं एक बटण लोंबत होतं, तेवढं लावते म्हणाली. बटण लावता लावता कोट पाहिला. कोपरावर रफू, इतकं बारीक की शोधावं लागेल. कॉलर उसवून उलटी करून पुन्हा लावलेली. खिशातून पडलेलं तिकीटही तिने उचलून दिलं, बुधवारचं रात्री नऊचं परतीचं. बोचक्यात अक्रोड आणि द्राक्षांच्या काकवीची बरणी. हे सगळं बघून तिने पत्ता सांगितला. नुसता सांगितला नाही, कागदावर नकाशा काढून दिला.

तो गेल्यावर मी म्हटलं, "हे बरं केलंस का?"

"बाई, असा कोट घालणाऱ्या माणसाला घरी आईने जीव लावलेला असतो. हे रफू मला नाही जमायचं. त्याच आईचा धाकटा आहे तो."

रफू आईचं होतं, हे खरंच. कोटाच्या आतल्या माणसाबद्दल त्यात काय लिहिलं होतं, ते तिने विचारलं नाही. मीही नाही.

गुरुवारी सकाळी बेलगिन तिच्या खोलीत मेलेली सापडली. कुणीतरी गळा आवळला होता. सापडली ती गोंजाला, तिच्या जिवलग मैत्रिणीला. आदल्या संध्याकाळी सहा वाजता एका केसांच्या टोपावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं, सगळ्या जिन्याने ऐकलं होतं. सकाळी गोंजा समजूत घालायला तीळ लावलेला गरम गोल पाव घेऊन आली, तर दार उघडं. ती किंचाळली, लोक जमले, पोलीस आले, आणि त्यांनी गोंजालाच उचललं. भांडली कोण? गोंजा. सापडली कुणाला? गोंजाला. झालं, फाइल बंद. बेलगिनसारखीचा खून, संशयितही तसलीच. डोकं कोण चालवणार?

शुकूफे माझं दार ठोठावत वर आली. ओठांना रंग नव्हता.

"गोंजाने नाही केलं, बाई. टोपासाठी ती केस उपटेल, जीव नाही घेणार. आणि तिला आत ठेवलं तर काय करतात तिथे, माहीत आहे ना? मागच्या वर्षी एकजण सुटून आली ती एका कानाने ठार बहिरी."

आम्ही दोघी बेलगिनच्या इमारतीपाशी गेलो. राखणदाराची बायको दोंदू पायरीवर राख टाकत होती आणि तोंडाने शिव्यांचा पट्टा चालू होता.

"कुठल्या भवानीने एवढ्या गारठ्यात पायरीवर पाणी ओतलं कुणास ठाऊक! रात्रीतून बर्फ झाला. सकाळी हवालदार पाय घसरून आपटला, आणि बोलणी कुणी खाल्ली? दोंदूने!"

"पाणी कधी ओतलं?" शुकूफेने विचारलं.

"मी रात्री आठला पायरी पुसून कोरडी केली होती. म्हणजे त्यानंतरच."

लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाच्या पाठीमागे आमच्याकडे तांब्याभर पाणी ओततात. पाण्यासारखं वाहत जावं, तसंच परत यावं म्हणून. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या गोंजासाठी कुणी पाणी ओतत नाही.

"म्हणजे आठनंतर बेलगिन जिवंत होती," मी म्हटलं. "तिने भावाला निरोप दिला. गोंजाचं भांडण सहाचं. आता सांग जाऊन चौकीत."

"आणि भाऊ गेला," शुकूफे म्हणाली. "गेला ना, बाई? पाणी ओतलंय म्हणजे तो गेला. नऊच्या बसने."

तिच्या आवाजावरून मला कळलं की ती गोंजाचा विचार करत नव्हती. ती स्वतःचा करत होती. तो नऊच्या बसमध्ये बसला असेल तर खून दुसऱ्या कुणी केला होता, आणि तो कागदावरचा नकाशा नुसताच नकाशा होता.

दुपारी ती करडी पँट घालून बसअड्ड्यावर गेली. मीही बरोबर गेले. त्या कंपनीच्या खिडकीवर एक जाडा कारकून चहा ढवळत होता.

"माझा मामेभाऊ काल रात्री नऊच्या बसने झिलेला गेला," शुकूफे सित्कीच्या आवाजात म्हणाली. "राशित नाव. गाडीत बोचकं विसरलाय म्हणे."

"चौदा नंबर? अहो, त्याचं नाव नका काढू माझ्यापुढे!" कारकुनाने चमचा आपटला. "आलाच नाही तो! आणि इथे कडेवर पोर घेतलेली एक बाई, तेवढी एकच जागा द्या म्हणून रडतेय. कशी देऊ? शेजारच्या तेरा नंबरवर परका पुरुष. परक्या पुरुषाशेजारी बाई बसवली तर उद्या मालक मला हाकलेल. तेरा नंबरवाला उठून दुसरीकडे बसेना. बाई मला शाप देऊन गेली, आणि जागा झिलेपर्यंत रिकामी! आज सकाळी सातच्या गाडीला हा तुमचा मामेभाऊ हजर. हाताला रुमाल बांधलेला, आणि वर मलाच म्हणतो, जुनं तिकीट चालवून घ्या."

शुकूफे तिथल्या बाकावर बसली.

"परत आला तो," ती म्हणाली. "तिने पाणी ओतलं आणि तो परत आला. तिने दार उघडलं असेल, काही विसरलास का म्हणून."

मी तिला रडू दिलं नाही. गोंजा आत होती; रडायला वेळ नव्हता. वाटेत मी तिला स्पष्ट सांगितलं: "हे बघ, चौकीत एवढंच म्हण की तू त्याला गल्लीत पाहिलंस. पत्ता तू दिलास हे सांगायची काही गरज नाही. उद्या सगळ्या मुलींना कळेल. तुझ्याकडे एकही फिरकणार नाही."

होय, मी खोटं बोलायला सांगितलं. आजही त्याची मला लाज नाही.

"मग ते विचारतील, गल्लीत पाहिलेला माणूस बेलगिनचा भाऊ, हे तुला कसं कळलं? तिच्याकडेच गेला कशावरून? दोंदूचा नवरा तिला तोंड उघडू देणार नाही. उसवायला एक टाका पुरतो, बाई. मग गोंजा आतच."

घरी येऊन तिने झगा घातला. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, निदान आज तरी पँट राहू दे. "सित्कीने पत्ता नाही दिला, मी दिलाय," ती म्हणाली, आणि निघाली. मी तिच्या मागोमाग.

चौकीत हसण्याची एकच लाट उठली. "अरे, खुर्ची द्या, राणीसाहेब आल्यात!" एक पोरगेला शिपाई म्हणाला. अधिकाऱ्याने वर न बघता विचारलं, "नाव?"

"शुकूफे."

"कागदावरचं."

"सित्की."

"हं, सित्की. काय गाऱ्हाणं? तुलाही कुणी टोप दिला नाही?"

तिने सांगितलं. पायरीवरचं पाणी, चौदा नंबरची जागा, सातची बस, रुमाल. अधिकारी हळूहळू लिहायचा थांबला. मूर्ख नव्हता, आळशी होता. मग त्याने नेमका तोच प्रश्न विचारला.

"त्याला घर कुणी दाखवलं?"

"मी. नकाशा काढून दिला."

"का?"

मला वाटलं, आता ती कोटाचं सांगेल, रफूचं सांगेल. "मला वाटलं मला माणसं कळतात," ती एवढंच म्हणाली, आणि खाली सही केली.

भावाला झिलेत पकडलं. त्याने कबूल केलं, तेही छाती काढून. त्याच्या वकिलाने कोर्टात 'घराची अब्रू, घराची अब्रू' घोकून शिक्षा निम्मी करून घेतली. गोंजा पाचव्या दिवशी सुटली. डावी भुवई फुटलेली होती. कुणी फोडली, ते विचारायचं नाही.

सुटल्यावर ती सरळ शुकूफेकडे आली. मी दारातच होते.

"आब्ला, चौकीत म्हणत होते ते खरं?"

"खरं."

"तू दिलास?"

"मी दिला."

गोंजा शिवीगाळ करील, मशीन उलथवेल, असं मला वाटलं. तिने काहीच केलं नाही. "तू नसतीस तर मी आत सडले असते," म्हणाली, "आणि तू नसतीस तर बेलगिन असती." आणि गेली.

मुली फुटल्या. निम्म्याजणींनी कपडे दुसरीकडे टाकले. उरलेल्या येत, पण मोजमाप देताना गप्प असत. शुकूफेकडे कोडं घेऊन कुणी आलं नाही, आणि आलं असतं तरी तिने घेतलं नसतं. वाण्याच्या बायकोने एकदा काहीतरी हरवल्याचं सांगायला सुरुवात केली, तर ही म्हणाली, "ताई, हात वर करा, काखेतून मोजू दे."

एप्रिलमध्ये गोंजा पुन्हा आली, निळ्या झग्याचं कापड घेऊन. तिने जागा बदलली होती. शुकूफे गुडघ्यांवर बसून घेराला टाचण्या लावत होती, मी चहा ओतत होते.

"नवी खोली कशी आहे?" मीच विचारलं.

"ऊन छान येतं. खिडकीतून एक अंजिराचं झाड दिसतं."

"कुठेशी?"

गोंजाने माझ्याकडे पाहिलं, मग खाली शुकूफेच्या डोक्याकडे. "कपडा तयार झाला की मीच येऊन नेईन," ती म्हणाली. "पाठवू नकोस, आब्ला."

शुकूफेच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने नुसती मान हलवली आणि घेर दोन बोटं वर घेतला.