तांबडीची पिसं, काळीचा हट्ट

शिवणवाल्या मावशींना वाकडा टाका दिसला की चैन पडायची नाही. गिऱ्हाईक दारात ताटकळलं तरी अख्खी बाही उसवून त्या पुन्हा जोडायच्या. चाळीस वर्षं पुढच्या खोलीत त्यांचं मशीन चाललं आणि बिघडलेलं काम त्यांच्या हातून तसंच परत गेलं नाही. अशा बाईला मागच्या अंगणातल्या पाच कोंबड्यांनी पार जेरीस आणलं.

सुरुवात तांबडीपासून झाली. पाचांत तीच देखणी आणि मावशींची लाडकी. मावशी दाणे निवडायला बसल्या की मांडीवर चढून बसायची. दिवस लहान व्हायला लागले तशी खुराड्यात तिची पिसं सापडू लागली. आधी चार-दोन, मग मूठमूठभर. आठवड्याभरात मान उघडी पडली, शेपूट गेली, अंडी बंद झाली. मावशींच्या नवऱ्याने वर्तमानपत्रातून मान वर करून विचारलं, ‘‘ही अर्धवट सोलून सोडलीस की काय?’’ त्यावर मावशी दोन दिवस त्याच्याशी धड बोलल्या नाहीत.

मग सल्ल्यांना ऊत आला. शेजारच्या काकू म्हणाल्या, उवा झाल्यात, राख चोळ. जाऊबाईंनी फोनवर सांगितलं, खाणं बाधलंय, ते बदल. दुकानदाराने कसलीशी पावडर गळ्यात मारली. मावशींनी यातलं काही सोडलं नाही. रोज सकाळी तांबडीला काखोटीला मारायची, पंख उलगडून उवा शोधायच्या, राख चोळायची, पावडर चोळायची. ऊ एकही सापडली नाही. तांबडी मात्र हात लागताच किंचाळायला लागली.

त्यात काळी अंडी उबवायला खुडूक बसली. घरात कोंबडा नाही, तेव्हा त्या अंड्यांतून पिल्लं निघायची सोय नाही. पण हे काळीला कोण समजावणार? अंड्यांच्या पेटीत ती भाकरीसारखी पसरून बसली. दाण्याकडे बघेना, पाण्याकडे बघेना, हात पुढे केला की फुगून चोच मारायची. मावशींनी उचलून अंगणात सोडावी, तर हात धुऊन येईपर्यंत बाई परत पेटीत. अंडी काढून घेतली, ती नुसत्या पेंढ्यावर बसली. पेटी झाकली, ती झाकणावर चढून बसली.

शेवटी काकूंच्या सांगण्यावरून मावशींनी तिला गार पाण्याच्या बादलीत बुडवलं. काळीने असा काही हिसका दिला की बादली कलंडली आणि पायरीवर ठेवलेला शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा चिंब झाला. काळी ओल्या अंगाने थेट पेटीत शिरली. मावशी पायरीवरच बसल्या. त्यांना रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा आणखी राग आला.

तेवढ्यात त्यांचं लक्ष गेलं. काळीचंही पोट उघडं पडलं होतं, पिसांशिवाय, लालबुंद. रोग पसरला, असं म्हणून त्यांनी दोघींना टोपलीत घातलं आणि जनावरांच्या दवाखान्याची वाट धरली.

डॉक्टरीणबाईंनी दोघींना उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘आजारी यातली कुणीच नाही.’’

खरं तर मावशींना हायसं वाटायला हवं होतं. उलट त्यांचं डोकंच फिरलं. इतके दिवस मी काय करत होते मग?

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं. दिवस लहान झाले की मोठ्या कोंबड्या जुनी पिसं टाकतात. तांबडी गेल्या वर्षी लहान होती, म्हणून तेव्हा तिने टाकली नाहीत. काळीने मात्र आपलीच पिसं चोचीने उपटली होती, उघड्या पोटाची ऊब अंड्यांना लागावी म्हणून.

‘‘तांबडीची नवी पिसं फुटताना त्यांत रक्त असतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्ही रोज चोळत होतात, तिथंच तिला दुखत होतं.’’

मावशींनी तांबडीवरचा हात झटकन काढून घेतला. त्यांनी विचारलं, ‘‘मग आता काय करू?’’

‘‘तांबडीला चांगलं खाऊ घाला आणि हात लावू नका.’’

काळीसाठी जाळीच्या तळाचा पिंजरा सांगितला. पिंजरा जमिनीपासून उंच, उजेडात, दाणापाणी समोर. पोटाला खालून वारा लागला की खुडूकपणा जातो.

चौथ्या दिवशी मावशींनी पिंजरा उघडला. काळी सरळ पेटीत जाऊन बसली. मावशींनी कपाळावर हात मारला आणि तिला पुन्हा आत घातलं. आणखी दोन दिवसांनी ती बाहेर आली आणि काही घडलंच नाही अशा थाटात माती उकरायला लागली.

तांबडीच्या अंगावर पांढरे कोंब फुटले. ते बघून मावशींची बोटं शिवशिवायची; हात पाठीमागे बांधून त्या लांब उभ्या राहायच्या. दोन महिन्यांत तांबडी पहिल्यापेक्षा देखणी झाली. पण मावशी दिसल्या की ती कुंपणाकडे पळायची, आणि ज्याने तिच्यासाठी काडी इकडची तिकडे केली नव्हती, त्या नवऱ्याच्या मांडीवर जाऊन बसायची.

‘‘एवढं सगळं मी केलं हिचं,’’ मावशी धुसफुसल्या.

‘‘म्हणूनच,’’ नवरा म्हणाला, आणि त्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं.